हरणाचा सीझन संपला, आता बर्फ वितळेपर्यंत काय करायचं? (विस्कॉन्सिनवाल्यांसाठी)

प्रश्न थोडक्यात असा आहे: मॅडिसनजवळ राहतो, यंदा पहिल्यांदाच हरणाची शिकार केली, एक मादी मिळाली, थँक्सगिव्हिंगचा रविवार गेला आणि सगळं एकदम सुनं सुनं झालं, तर आता एप्रिलपर्यंत जुने शिकारी लोक करतात तरी काय, आणि डिसेंबरच्या सेलमध्ये रायफलला नवा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, घेऊन ठेवू का.

स्कोपचं शेवटी सांगतो. मी मूळचा साताऱ्याकडचा, इकडे शिकार करायला लागून चौदा हिवाळे झाले, त्यातले पहिले तीन मी बहुतेक सोफ्यावर यूट्यूब बघत वाया घालवले, म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय.

आधी तुमचं वाक्य दुरुस्त करतो. सीझन संपला म्हणजे नऊ दिवसांचा गन सीझन संपला. त्याला लागूनच दहा दिवस मझललोडरचे, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या बंदुकीचे, असतात, मग चार दिवस फक्त बिनशिंगांच्या हरणांचे, आणि धनुष्य आणि क्रॉसबो तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालू, काही काउंट्यांमध्ये थेट 31 जानेवारीपर्यंत. हे अशासाठी सांगतो की डिसेंबरमध्ये तुम्ही नुसते फिरायला जरी रानात गेलात तरी अंगात नारिंगी जॅकेट असू द्या. खारीच्या मागे जाणाऱ्यालासुद्धा हरणाचा गन सीझन चालू असताना नारिंगी घालावंच लागतं, तो नियमच आहे (2016 पासून भडक गुलाबीही चालतं, माझी मुलगी तेच घालते).

मग मांस. सीडब्ल्यूडीचा, म्हणजे हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाचा, रिपोर्ट आला का? नसेल आला तर पिशव्यांना हात लावू नका, फ्रीझरमध्येच राहू द्यात. हा रोग विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदा सापडला तो 2002 मध्ये, माउंट होरेबच्या आसपास, म्हणजे तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर. हरीण दिसायला अगदी ठणठणीत असतं आणि तरी पॉझिटिव्ह निघतं. डीएनआर, म्हणजे राज्याचं निसर्ग-वन्यजीव खातं, गळ्यातल्या गाठी फुकटात तपासून देतं, आणि पॉझिटिव्ह हरीण खाऊ नका असं सीडीसी, म्हणजे केंद्राची आरोग्य संस्था, सांगते. माणसाला झाल्याची केस अजून सिद्ध झालेली नाही हे खरं, पण मी एकदा आख्खा बक, म्हणजे नर, कचऱ्यात टाकलाय, वाईट वाटलं पण टाकला.

रिपोर्ट चांगला आला की पहिला रविवार किचनमध्ये. आपले लोक इथे हमखास चुकतात कारण हरणाला मटण समजतात. मटणासारखं परतत बसलात आणि तेल सुटायची वाट बघितलीत तर ते सुटणारच नाही, कारण त्या मांसात चरबीच नाही, आणि जी वरवर असते ती मेणासारखी टाळूला चिकटते, ती आणि तो पांढरा चकचकीत पापुद्रा सुरीने काढून टाका. पाठीच्या दोन पट्ट्या असतात त्या रश्श्यात घालणं म्हणजे पापच आहे, त्या तव्यावर कडक आंचेवर, आतून गुलाबी असतानाच उतरवायच्या. मांडी-खांद्याचा खिमा. आणि पायाच्या नळीवरचं जे चिवट मांस सगळे अमेरिकन दळून टाकतात ते कुकरला लावा, कांदा-लसूण मसाला, सुकं खोबरं, तीन शिट्ट्या जास्तीच्या. शेजारचा डेअरीवाला म्हातारा, ज्याच्या जमिनीवर मी शिकारीला बसतो, तो त्या रश्श्यासाठी दर डिसेंबरला स्वतःहून आठवण करून देतो.

रायफलबद्दल दोनच गोष्टी. बाहेरच्या उणे थंडीतून घरात आणली की तिला घाम फुटतो, तेव्हा पुसून, बॅरल साफ करून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून ठेवा. आणि चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं, मार्चमध्ये उघडाल तेव्हा गंज दिसेल. बाकी घरबसल्या काडतुसं भरण्याचा नाद काही लोकांना असतो, मला नाही, त्यामुळे त्यावर काही बोलत नाही.

आता बाहेरची कामं. नव्या माणसाने सगळ्यात आधी करावी ती खारीची शिकार. हसू नका. ग्रे आणि फॉक्स खारीचा सीझन फेब्रुवारीअखेरपर्यंत असतो, दिवसाला पाच, पण हरणाच्या लायसनवर चालत नाही, स्मॉल गेमचं वेगळं लायसन लागतं. आपल्याकडे खारीच्या पाठीवर रामाची बोटं, त्यामुळे माझ्या आईला मी आजतागायत सांगितलेलं नाही. पण पॉइंट टू टूची हलकी रायफल घेऊन ओकच्या झाडाखाली, वारा पडलेला असताना, ऊन आल्यावर तासभर निश्चल बसायचं, ही जी सवय आहे ती हरणाच्या स्टँडवर (दबा धरून बसायला बांधलेल्या जागेवर) जशीच्या तशी कामाला येते. खार तुम्हाला हलताना पकडते आणि झाडाच्या मागच्या बाजूला जाऊन बसते, हरीणही पकडतं, फक्त खार दिवसात दहा वेळा पकडते म्हणून तुम्ही दहापट लवकर शिकता. सशाचं पण तसंच, कॉटनटेल फेब्रुवारीअखेर, दिवसाला तीन, आणि कुणाचं बीगल कुत्रं बरोबर असेल तर मजा बघा, कुत्रं सशाला उठवतं आणि ससा मोठा वळसा घालून जिथून उठला तिथेच परत येतो, आपण फक्त जागा न सोडता उभं राहायचं, जे कुणालाच जमत नाही.

मग तळी. मेंडोटा मोठं आणि खोल आहे, ते उशिरा गोठतं, पण मोनोना बे लवकर धरतो आणि डिसेंबरच्या शेवटी तिथे बर्फावर गाव वसल्यासारखी माणसं दिसतात. बर्फाला ड्रिलने, म्हणजे ऑगरने, भोक पाडायचं, बादलीवर बसायचं, आणि हातभर लांबीच्या रॉडने ब्लूगिल पकडायचे. गळाला वॅक्सवर्म म्हणून मिळतो तो पांढरा किडा. ब्लूगिल थंडीत इतकं हलकं तोंड लावतो की नुसता गळाचा टोकाचा स्प्रिंग केसभर वाकतो, हाताला काही कळत नाही, नवीन माणूस दोन तास बसून म्हणतो मासेच नाहीत, आणि खाली मासे किडा खाऊन गेलेले असतात. मोठ्या माशासाठी टिप-अप लावतात, मासा लागला की झेंडा वर उठतो, आणि मग सगळी पोरं झेंड्याकडे धावत सुटतात. एका माणसाला तीन गळ चालतात. नॉर्दर्न पाइक आणि वॉलाय बहुतेक तळ्यांवर मार्चच्या पहिल्या रविवारी बंद होतात, ब्लूगिल-क्रॅपीला बंदी नाही. जानेवारीतल्या तिसऱ्या पूर्ण वीकेंडला लायसनशिवाय मासेमारी करता येते, तेव्हा घरच्यांना घेऊन जा आणि मगच ठरवा पैसे घालायचे की नाही. ब्लूगिलच्या तुकड्या काढून आगळ, हळद, तिखट लावून रव्यात घोळवल्या की मालवणची आठवण येते, अगदी तीच चव नाही, पण उणे दहामध्ये चालतं. पाइकला मात्र वाय आकाराचे काटे असतात, हिलसा खाणारा बंगाली मित्र असेल तर त्याला द्या.

बर्फाबद्दल थट्टा नाही. स्वच्छ, निळसर-काळा बर्फ किमान चार इंच असेल तरच चालत जायचं, पांढरा दुधी बर्फ असेल तर दुप्पट धरा कारण त्याची ताकद साधारण निम्मी असते. गाडी घेऊन जाणारे बघून तुम्ही गाडी नेऊ नका. एक जड लोखंडी पहार मिळते, स्पड बार, दर काही पावलांवर पुढे आपटत चालायचं, एका घावात पाणी आलं की मागे फिरायचं. आणि गळ्यात दोन टोकदार आइस पिक, पडलात तर बर्फात खुपसून स्वतःला वर ओढायला. मी हे सगळं वाचलेलं होतं आणि चौथ्या हिवाळ्यात, दुसऱ्या कुणाचे बुटाचे ठसे पुढे गेलेत म्हणजे बर्फ चांगलाच असणार, असा विचार करून पहार न आपटता गेलो. जिथे तळात झरा असतो तिथे बर्फ पातळ राहतो. मांडीपर्यंत गेलो, दुसरा पाय वर होता म्हणून वाचलो, गाडीपर्यंत यायला दहा मिनिटं लागली आणि तेवढ्यात पँट पत्र्यासारखी कडक झाली होती. ते ठसे आदल्या आठवड्यातले होते, मधे दोन दिवस पाऊस पडून गेलेला. तंबूत हीटर लावणार असाल तर वरचा झरोका उघडा ठेवा, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार आला की लेक विनेबेगोवर स्टर्जन भाल्याने मारायचा सीझन सुरू होतो, सोळा दिवस, किंवा ठरलेला आकडा भरला की त्याआधीच बंद. अंधाऱ्या खोपटात बसायचं, बर्फात जास्तीत जास्त 48 चौरस फुटांचं भोक, आणि खालच्या हिरवट पाण्याकडे सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत टक लावून बघत राहायचं. 2010 मध्ये इथे 212.2 पौंडांचा मासा निघालाय. यंदा तुमचं हुकलं, कारण भाल्याचं लायसन 31 ऑक्टोबरच्या आत घ्यावं लागतं, पण कुणी ओळखीचा नेत असेल तर नुसतं बघायला जा. मी दोन वर्षं पाहुणा म्हणून गेलो, एकूण अकरा तास भोकात बघितलं, एक कार्प दिसला. यजमान म्हणाला त्याच्या बापाला पहिला मासा दिसायला सात वर्षं लागली होती, आणि हे त्याने मला धीर द्यायला सांगितलं.

हे सगळं झालं करमणुकीचं. पण मला एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर मी म्हटलं असतं की हिवाळ्यात रान चाला, बंदूक घरी ठेवून. पुढच्या नोव्हेंबरचा बक बहुतेक वेळा या तीन महिन्यांत सापडतो.

आणि इथे एक बारकावा आहे जो मला कळायला काही वर्षं गेली. बर्फातला माग खरा असतो पण तो जानेवारीचा असतो. जानेवारीत हरणं फक्त पोट आणि ऊब बघतात, कापणी राहिलेला मका, सोयाबीनचं शेत, दक्षिणेकडे तोंड असलेली उतरण. नोव्हेंबरमध्ये बक माद्यांच्या मागे असतो, तेव्हाचे रस्ते वेगळे. त्यामुळे बर्फात पायवाट दिसली म्हणून तिथे स्टँड बांधाल तर फसाल, मी फसलोय. नोव्हेंबरची खूण कुठे मिळते? झाडाच्या सालीवर. शिंगं घासून सोललेलं झाड, रब म्हणतात त्याला, ते हिवाळाभर तसंच राहतं. आतलं लाकूड पिवळसर उजळ दिसलं तर याच वर्षीचं, राखाडी होऊन कडेने साल भरून आली असेल तर जुनं. ज्या बाजूने सोललंय त्या बाजूने बक आला होता. असे चार-पाच रब एका ओळीत लागले की त्याचा रस्ताच मिळाला. जमिनीवरचं खरवडलेलं स्क्रेप बर्फाखाली जातं, पण त्याच्या वर लटकणारी, चघळून मोडलेली फांदी दिसते, तिच्याकडे बघत चला. झोपायच्या जागा बर्फात लांबट गोल वितळलेल्या दिसतात. तीन-चार लहानमोठ्या एकत्र असतील तर मादी आणि पिल्लं, एकटीच मोठी असेल तर उत्सुकतेने बघा. मी जातो तो रिचलँड काउंटीचा भाग, ड्रिफ्टलेस, जिथे हिमयुगातला बर्फ पोहोचलाच नाही म्हणून टेकड्या आणि घळी शिल्लक राहिल्या. वाईकडच्या माणसाला ओळखीचा वाटेल, उंची तेवढी कमी. तिथे बक टेकडीच्या वरच्या तिसऱ्या भागात, वारा पाठीकडून माथ्यावरून येईल आणि डोळ्याला खालचं सगळं दिसेल असा बसतो. नाकाने मागचं, डोळ्याने पुढचं.

दुसरी वेळ म्हणजे गन सीझन संपल्यावरचा पहिला ताजा बर्फ. बंदुकांच्या धाकाने हरणं नऊ दिवस कुठे लपली होती ते तेव्हा कळतं. माझ्या तिसऱ्या वर्षी नऊच्या नऊ दिवस काही दिसलं नाही, चिडून डिसेंबरमध्ये एक माग उलटा धरून चाललो, मागे मागे, म्हणजे हरीण कुठून आलं ते बघत. दीड मैल हिंडून तो माग मला परत माझ्या गाडीच्या जागेवर घेऊन आला. पार्किंगपासून दीडशे पावलांवर काटेरी बेरीच्या झुडपांचा एकरभर पट्टा आहे, त्यात सात बिछाने, लेंड्यांचे ढीग. मी रोज पहाटे चारला त्यांच्या शेजारून, हेडलॅम्प लावून, रानाच्या आत आत जात होतो आणि ती आरामात पडून माझ्याकडे बघत असणार.

गळलेली शिंगं शोधणं हा याच चालण्याचा बोनस. आपण मराठीत काळविटाचं पण शिंग म्हणतो आणि चितळाचं पण शिंगच, पण काळविटाचं जन्मभर असतं आणि हरणाचं दरवर्षी गळतं. माजाचा मोसम संपून हार्मोन उतरलं की शिंगाच्या बुडाशी हाड विरघळायला लागतं आणि एक दिवस ते नुसत्या उडीने, कुंपणावरून जाताना पडतं. डिसेंबरअखेर ते मार्च, बहुतेक फेब्रुवारी. म्हणून कुंपण ओलांडायच्या जागा, ओढ्याच्या उड्या, आणि दक्षिण उतरणीवरच्या झोपायच्या जागा बघा. सावकाश. शिंग शोधायला शिंग शोधू नका, पाचोळ्यात न बसणारी एक वाकडी रेघ शोधा. एक सापडलं की बक कुठला वाचला ते कळलं. उशीर केलात तर उंदीर आणि खारी कुरतडून टाकतात, त्यांना त्यातलं कॅल्शियम हवं असतं. पडलेलं सुटं शिंग उचलायला विस्कॉन्सिनमध्ये लायसन लागत नाही, पण कवटीला जोडलेलं असेल तर आधी वॉर्डनला (वन्यजीव अधिकाऱ्याला) फोन. खाजगी जमिनीवर विचारल्याशिवाय नाही.

आणि एवढ्यासाठी जानेवारीतच झुडपं तुडवत फिरू नका. कडक थंडीत हरीण अंगातल्या चरबीवर दिवस काढत असतं, उत्तरेत गुडघाभर बर्फातून एकेका उठण्याला त्याला किंमत मोजावी लागते. डीएनआर हिवाळ्याचा हिशेब ठेवतं: 1 डिसेंबर ते 30 एप्रिल, ज्या दिवशी बर्फ 18 इंच किंवा वर त्याचा एक गुण, ज्या दिवशी पारा शून्य फॅरेनहाइट किंवा खाली त्याचा एक गुण, शंभरच्या वर गेलं की फार वाईट हिवाळा. कोलोरॅडोमध्ये तर याच कारणाने राज्याच्या पश्चिम भागात सरकारी जमिनीवर 30 एप्रिलपर्यंत शिंगं वेचायला बंदी असते. मी झोपायच्या दाट जागांमध्ये मार्चच्या मध्यापर्यंत शिरत नाही, तोवर शेतांच्या कडेकडेने. बर्फ गेलेला आणि हिरवं अजून फुटलेलं नाही, असे दोन-तीन आठवडे मिळतात, तेव्हा रान उघड्या पुस्तकासारखं असतं. दया येऊन मका टाकायलाही जाऊ नका, बऱ्याच काउंट्यांत बंदी आहे ते एक, आणि दुसरं म्हणजे काड्या-फांद्या पचवायला सरावलेल्या पोटात अचानक मका गेला की आम्ल होऊन हरीण भरल्या पोटी मरतं.

ती शिंगं भेट म्हणून पुण्याला नेऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिंग हे ट्रॉफीत मोडतं, आणि हे अमेरिकेतलं हरीण आहे हे विमानतळावर पहाटे तीन वाजता कुणाला समजावणार.

बंदूकही नको आणि गळही नको असं वाटलं तर ख्रिसमस बर्ड काउंटला जा, 14 डिसेंबर ते 5 जानेवारी. हे मूळचं शिकाऱ्यांचंच प्रकरण आहे. पूर्वी ख्रिसमसला टोळ्या करून कोण जास्त पक्षी मारतो अशी स्पर्धा व्हायची, 1900 मध्ये फ्रँक चॅपमनने सुचवलं की मारण्याऐवजी मोजा, आणि पहिल्या वर्षी 27 जणांनी मोजले. मला पहिल्या वेळी चिकॅडी सोडून काही ओळखता आलं नाही. आता घुबडांसाठी पहाटे उठतो.

कागदाचं एक राहिलं. वसंतातल्या टर्कीचा अर्ज 10 डिसेंबरच्या आत भरायचा असतो, आजच भरा. (विस्कॉन्सिनमधल्या टर्की संपल्या होत्या, 1976 मध्ये मिसुरीहून आणून व्हर्नन काउंटीत सोडल्या, बदल्यात आपण त्यांना रफ्ड ग्राउस पक्षी दिले. बारा बलुत्यांसारखा व्यवहार.) आणि एच-वनवर असाल तर हे नीट वाचा: नॉनइमिग्रंट व्हिसावाल्याला फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, ज्या मोजक्या सवलती आहेत त्यातली एक म्हणजे मुदतीतलं शिकारीचं लायसन. इथलं लायसन 31 मार्चला संपतं. नवीन मार्चमध्येच विकायला येतं, तेव्हाच घेऊन टाका, शिकारीला सप्टेंबरमध्ये जाणार असलात तरी. खात्री हवी असेल तर वकिलाला विचारा.

स्कोप नको. पहिल्या वर्षी मादी मिळालीय म्हणजे आहे तो स्कोप काम करतोय. ते पैसे बुटांत घाला, आत काढता येणारं लोकरीचं अस्तर असलेले पॅक बूट, आणि दुकानात जाताना दोन जोड जाड मोजे घालून जा, त्यावर बोटं मोकळी हलली पाहिजेत, कारण बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि कितीही महाग असला तरी पाय गार पडतात. अस्तर रोज रात्री बाहेर काढून वाळवा.